४० लाखांचं क्षेपणास्त्र, ५० हजारांचा ड्रोन

‘शाहेद-१३६’ हा इराणी ड्रोन पाहून धडकी भरावी असं त्याच्यात काही नाही. त्रिकोणी आकार, मागच्या बाजूला एक छोटा पंखा, वेग ताशी जेमतेम १८० किलोमीटर. लढाऊ विमानांच्या हिशेबात हे रांगणंच झालं. रशिया तो युक्रेनवर सोडतो, आणि इंजिनाच्या फटफटीमुळे तिथले लोक त्याला ‘मोपेड’ म्हणतात. पुढच्या टोकात ४०-५० किलो स्फोटकं असतात आणि कुठे जाऊन आदळायचं ते ठिकाण आधीच भरून दिलेलं असतं. परत यायचंच नसल्यामुळे महागडी यंत्रणा बसवायची गरज नाही. एका ड्रोनची किंमत २० ते ५० हजार डॉलर असावी, असा अंदाज सहसा दिला जातो.

आता हाच ड्रोन पाडणाऱ्याच्या बाजूने पाहू. अमेरिकेच्या ‘पॅट्रियट’ या हवाई संरक्षण यंत्रणेतलं अद्ययावत क्षेपणास्त्र सोडलं की सुमारे ४० लाख डॉलर गेले. ड्रोन पडला तरी हल्ला करणाऱ्याचे ५० हजार बुडतात आणि वाचवणाऱ्याचे ४० लाख. सोडून द्यावा, तर खाली विजेच्या उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर आहे. तो जळाला की नवा बनून यायला वर्षभरही लागू शकतं.

पैसा एक वेळ उभा करता येईल, पण संख्येचं काय करायचं? पॅट्रियटची ही अद्ययावत क्षेपणास्त्रं २०२४ च्या अख्ख्या वर्षात सुमारे ५०० बनली. युक्रेनच्या हवाई दलाच्या आकडेवारीनुसार, ७ सप्टेंबर २०२५ च्या एका रात्रीत रशियाने त्यांच्यावर ८०० हून अधिक ड्रोन सोडले. त्यात नुसते भुलवायला पाठवलेले, स्फोटकं नसलेलेही बरेच होते. पण रडारच्या पडद्यावर खरा कोणता आणि खोटा कोणता हे कळेपर्यंत वेळ निघून जातो.

अर्थात, प्रत्येक ड्रोनवर पॅट्रियट कुणी वाया घालवत नाही. ती क्षेपणास्त्रं शत्रूच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी राखून ठेवावी लागतात. मग युक्रेनने देशभर खांबांवर हजारो मायक्रोफोन बसवले. फटफटीचा आवाज कुठून कुठे सरकतोय यावरून संगणक ड्रोनचा मार्ग काढतो, आणि त्या वाटेवर पिकअप गाडीवर मशीनगन लावून बसलेल्या तुकडीच्या टॅबलेटवर खूण उमटते. पुढे ड्रोनला हवेतच जाऊन धडकणारे छोटे ड्रोन आले, त्यांची किंमत काही हजार डॉलर. म्हणजे ५० हजारांना ५ हजारांचं उत्तर. आजच्या युद्धातला बदल समजून घ्यायचा तर सुरुवात या हिशेबापासून करावी. कृत्रिम बुद्धिमत्ता, सायबर वगैरे मोठे शब्द नंतर.

एवढी अचूक शस्त्रं स्वस्त झाली कशी? १९९१ च्या आखाती युद्धात नेमक्या इमारतीवर पडणारे लेझर-नियंत्रित बॉम्ब जगाने टीव्हीवर पाहिले, तेव्हा ती मोजक्या श्रीमंत देशांची मिरास होती. त्यानंतर मोबाइल फोन आला. फोनला छोटा कॅमेरा लागतो, हलकी बॅटरी लागते, दिशा आणि कल ओळखणारा सेन्सर लागतो, उपग्रहाचा संदेश पकडणारी चिप लागते. ड्रोनलाही नेमकं हेच लागतं. जगभरासाठी अब्जावधी फोन बनता बनता हे सगळे भाग चिल्लर भावात मिळू लागले. लष्करी प्रयोगशाळांनी जे पन्नास वर्षं जपून ठेवलं, ते ग्राहकांच्या बाजारपेठेने नकळत सगळ्यांना वाटून टाकलं.

लपायला जागा उरली नाही

याची पहिली ठळक झलक २०२० च्या शरद ऋतूत नागोर्नो-काराबाखमध्ये दिसली. आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातलं ते युद्ध ४४ दिवस चाललं. अझरबैजानकडे तुर्कस्तानचे ‘बायरक्तार टीबी-२’ आणि इस्रायलचे लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारे ‘हारोप’ ड्रोन होते. आर्मेनियाचे रणगाडे, तोफा, हवाई संरक्षणाच्या गाड्या एकामागून एक उद्ध्वस्त होताना त्याच ड्रोनच्या कॅमेऱ्यांनी टिपल्या आणि त्या चित्रफिती लगेच इंटरनेटवर टाकल्या गेल्या. तेव्हाच ‘रणगाड्यांचा जमाना संपला’ अशा घोषणा सुरू झाल्या.

त्या घोषणा घाईच्या होत्या, असं माझं मत आहे. युक्रेनमध्ये पाच वर्षांनंतरही दोन्ही बाजू रणगाडे वापरतात. फक्त त्यांच्यावर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे चढले आहेत, आणि ते उघड्यावर धावण्याऐवजी झाडीत दडून तोफेसारखे गोळे डागतात. खंदक आहेत, सुरुंग आहेत, तोफगोळे तर लाखोंनी लागतात. जमीन ताब्यात ठेवायला शेवटी पायदळच लागतं. नवीन शस्त्र आलं म्हणून जुनं सहसा नाहीसं होत नाही. ते कसं आणि कुठे वापरायचं, एवढं बदलतं.

खरोखर संपली ती सैन्य एका जागी गोळा करण्याची सोय. आघाडीवर आता चोवीस तास आकाशात कुणाचा ना कुणाचा डोळा असतो. त्याच्या जोडीला ‘एफपीव्ही’ ड्रोन आहेत. डोळ्यांवर गॉगल चढवून बसलेला चालक ड्रोनच्या कॅमेऱ्यातून थेट पाहत तो उडवतो आणि बंकरच्या दारातून, गाडीच्या खिडकीतून आत नेतो. किंमत काही शे डॉलर. यामुळे आघाडीच्या दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटर रुंदीचा असा पट्टा तयार झाला आहे, जिथे दिवसाढवळ्या गाडी काढणं म्हणजे मरण ओढवून घेणं. सैनिक दोघा-तिघांच्या टोळीने चालत पुढे जातात. पाणी, दारूगोळा, औषधं पोहोचवायला चाकांवर चालणारे छोटे यंत्रमानव वापरतात. रसदीच्या रस्त्यांवर मैलोन्‌मैल मासेमारीच्या जाळ्यांचे मांडव घातले आहेत, का तर ड्रोनचे पंखे त्यात अडकावेत. शंभर वर्षांपूर्वीचे खंदक आणि त्यावर कोळ्यांची जाळी, हे एकविसाव्या शतकातल्या सर्वात ‘आधुनिक’ युद्धाचं चित्र आहे.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी. ड्रोन आणि त्याचा चालक यांच्यात रेडिओ लहरींचा दुवा असतो. त्याच फ्रिक्वेन्सीवर त्याहून मोठा गोंगाट केला की दुवा तुटतो आणि ड्रोन भरकटतो. यालाच जॅमिंग म्हणतात. मग ड्रोनवाले फ्रिक्वेन्सी बदलतात, जॅमरवाले ती शोधून काढतात, पुन्हा बदल होतो. २०२४ मध्ये रशियाने या खेळातून बाहेर पडायचा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरात आणला. ड्रोनच्या पोटाला काचेच्या अतिशय बारीक तंतूची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची, दहा-वीस किलोमीटरची गुंडाळी बांधायची. ड्रोन उडत जातो तशी ती मागे उलगडत जाते. संदेश लहरींनी जातच नाही, तारेतून जातो, त्यामुळे जॅम करायला काही उरतच नाही. युक्रेननेही लगोलग तेच केलं. आज तिथल्या काही शेतांवर आणि झाडांवर या तंतूंची चकाकणारी जाळी पसरलेली आहेत.

हा डाव-प्रतिडाव किती वेगाने चालतो, हे मला ड्रोनपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. एखादी युक्ती काही आठवडे, फार तर काही महिने चालते, मग समोरचा तिच्यावर उतारा काढतो. बहुतेक देशांची शस्त्रखरेदी मात्र निविदा, चाचण्या, करार, पुरवठा अशी दहा-दहा वर्षांच्या चालीने चालते. ज्या शस्त्राची आज ऑर्डर दिली ते हातात पडेपर्यंत युद्धाचे वीस डाव होऊन गेलेले असतील. युक्रेनने यावर काढलेला तोडगा थोडा अस्वस्थ करणारा आहे. तुकडीने शत्रूचं लक्ष्य टिपल्याची चित्रफीत पाठवायची, ती तपासली गेली की गुण मिळतात, आणि त्या गुणांच्या बदल्यात सरकारी ऑनलाइन बाजारातून तुकडीने आपल्याला हवे ते ड्रोन निवडून घ्यायचे. कोणतं यंत्र खरंच चालतं हे कार्यालयातल्या समितीऐवजी खंदकातला माणूस ठरवतो. कार्यक्षमतेच्या दृष्टीने हे हुशारीचं आहे. माणसाच्या जिवाला असे गुण लागावेत का, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

अंतर आणि समुद्र, दोन्हीचं संरक्षण गेलं

मोठा देश असण्याचा एक फायदा नेहमी गृहीत धरला जायचा. महत्त्वाची ठाणी सीमेपासून इतकी दूर ठेवायची की शत्रू पोहोचूच नये. १ जून २०२५ रोजी युक्रेनच्या गुप्तचर यंत्रणेने हे गृहीतक मोडून दाखवलं. लाकडी केबिनच्या छपरांखाली लपवलेले ड्रोन मालवाहू ट्रकमधून रशियाच्या आत, लष्करी विमानतळांच्या जवळ नेऊन ठेवले. ठरल्या वेळी छपरं दुरून उघडली गेली आणि ११७ ड्रोन बाहेर पडले. त्यातलं बेलाया हे ठाणं सायबेरियात, युक्रेनपासून ४,००० किलोमीटरहून जास्त अंतरावर. ड्रोनशी संपर्क राखायला रशियाचंच मोबाइल नेटवर्क वापरलं. युक्रेनने ४१ विमानांना फटका बसल्याचा दावा केला. अमेरिकी अधिकाऱ्यांचा अंदाज सुमारे २० विमानांचा होता, त्यांपैकी १० च्या आसपास पूर्ण नष्ट. कमीतला आकडा धरला तरी, ज्या लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकी विमानांचं उत्पादन कधीच बंद झालं आहे ती काही हजार डॉलरच्या यंत्रांनी जाळली.

समुद्रातही असंच घडलं. १४ एप्रिल २०२२ रोजी रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याची प्रमुख युद्धनौका ‘मॉस्क्वा’ बुडाली. किनाऱ्यावरून डागलेल्या दोन युक्रेनी क्षेपणास्त्रांनी तिचा घात केला होता. त्यानंतर पाण्यालगत वेगाने येणाऱ्या, स्फोटकांनी भरलेल्या मानवरहित बोटींनी रशियाला इतकं हैराण केलं की ताफ्याचा मोठा भाग सेवास्तोपोलहून पूर्वेला नोव्होरोसिस्कला हलवावा लागला. हे घडवणाऱ्या युक्रेनकडे मोठ्या युद्धनौका जवळपास नव्हत्याच.

येमेनमधल्या हूथी बंडखोरांकडे तर सर्वमान्य सरकारचा दर्जाही नाही. नोव्हेंबर २०२३ पासून त्यांनी तांबड्या समुद्रातल्या व्यापारी जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली आणि कालव्यातली वाहतूक निम्म्याहून खाली आली. जगातली सर्वात बलाढ्य नौदलं तिथे हजर असताना हे झालं. बहुतेक हल्ले त्यांनी परतवले. पण जहाजाचा विमा काढणारी कंपनी किती हल्ले परतवले ते मोजत नाही, किती धोका उरला ते मोजते.

घोषणा न होणारं युद्ध

आतापर्यंत बोललो ते निदान दिसणारं युद्ध. त्यात कुणी कुणावर हल्ला केला हे कळतं. देशांच्या सुरक्षेला जास्त बुचकळ्यात टाकणारा प्रकार दुसरा आहे. बड्या देशांकडे अण्वस्त्रं असल्यामुळे समोरासमोरचं युद्ध त्यांना परवडत नाही. म्हणून दुखापत तर व्हावी, पण युद्ध पुकारण्याइतकं सबळ कारण समोरच्याच्या हाती लागू नये, अशा पातळीवर चाली खेळल्या जातात.

२३ डिसेंबर २०१५ रोजी पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप हलू लागला आणि एकेक उपकेंद्र बंद करू लागला. हॅकर महिनोन्‌महिने आत शिरून बसले होते. तीन कंपन्यांवर एकाच वेळी हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. सायबर हल्ल्याने वीजपुरवठा तोडल्याची ही पहिली उघड झालेली घटना. वीज काही तासांत परत आली, ती कशी हे मात्र कमी सांगितलं जातं. कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने खटके चढवले. यंत्रणा जुनी होती, म्हणून हाताने चालवता आली. जिथे सगळं स्वयंचलित झालंय आणि हाताने चालवायचं कौशल्यच उरलेलं नाही, तिथे हाच हल्ला जास्त वेळ टिकला असता.

दीड वर्षाने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणक-विषाणू आला. युक्रेनमधल्या कंपन्या करभरणीसाठी वापरत असलेल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरवला गेला. खंडणी मागण्याचं नुसतं सोंग होतं, खरं काम संगणकातला डेटा कायमचा नष्ट करण्याचं. निशाणा युक्रेन होता, पण इंटरनेटवर सीमा नसते. डेन्मार्कची जहाज कंपनी ‘मर्स्क’ हिचे जगभरातले संगणक काही मिनिटांत काळे पडले. बंदरांबाहेर ट्रकच्या रांगा लागल्या. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यासाठी लागणाऱ्या एका कळीच्या माहितीची प्रत सगळीकडून पुसली गेली होती. ती सापडली घानामधल्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे तो संगणक बंद होता. अमेरिकी सरकारने या हल्ल्याचं जगभरातलं एकूण नुकसान सुमारे १,००० कोटी डॉलर धरलं आणि त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. रशियाने तो नाकारला. एक बॉम्ब पडला नाही, एकही सैनिक सीमेपलीकडे गेला नाही.

केबलचा विषय असाच. खंडाखंडांमधला ९५ टक्क्यांहून अधिक डेटा उपग्रहांतून जात नाही, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातो. या केबल दरवर्षी जगभरात मिळून दीडशे-दोनशे वेळा तुटतात, आणि बहुतेक वेळा कारण साधंच असतं, मासेमारीची जाळी किंवा जहाजाचा नांगर. मुद्दाम तोडणाऱ्याला याहून चांगला आडोसा कुठे मिळणार? ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड आणि एस्टोनियामधली गॅसवाहिनी ‘न्यून्यू पोलर बेअर’ या जहाजाच्या फरफटत गेलेल्या नांगराने फुटली. २०२४ च्या नाताळात ‘ईगल एस’ या तेलवाहू जहाजाच्या नांगराने त्याच दोन देशांमधली वीजवाहिनी आणि काही दूरसंचार केबल तुटल्या. चूक म्हणायची की घातपात?

त्याच परिसरात उपग्रहांवरून दिशा दाखवणाऱ्या जीपीएसलाही सतत अडथळे येतात. हे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचावर असतात, आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की त्याला बुडवायला मोठी ताकद लागत नाही. एप्रिल २०२४ च्या अखेरीस फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीने एस्टोनियातल्या तार्तूची विमानं महिनाभर बंद ठेवली. तिथे विमान उतरवण्याची पद्धत जीपीएसवरच बेतलेली होती. उपाय काय केला, तर जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावर चालणारी जुन्या धाटणीची सोय बसवली.

आणि वस्तू जिथून येतात त्या साखळीचं काय? १७ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये हिजबुल्लाच्या लोकांकडचे हजारो पेजर एकाच वेळी फुटले, दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी फुटले. मोबाइलवर पाळत ठेवली जाते म्हणून त्यांनी पेजर घेतले होते, आणि त्या पेजरमध्येच स्फोटकं भरून ते त्यांना विकले गेले होते. मृतांमध्ये लहान मुलंही होती. या हल्ल्याच्या कायदेशीरपणाबद्दल गंभीर आक्षेप घेतले गेले. त्यापलीकडे, प्रत्येक देशाच्या सुरक्षा यंत्रणेला एका दिवसात एक प्रश्न पडला: आपल्याकडची उपकरणं वाटेत कुणाच्या हातातून आली आहेत?

निर्णय कुणाचा?

जॅमिंगमुळे चालकाचा दुवा तुटत असेल, तर शेवटचं काही शे मीटर अंतर ड्रोनलाच ठरवू द्यावं, हा विचार आपसूक पुढे येतो. चालकाने लक्ष्य दाखवायचं, मग संपर्क तुटला तरी यंत्र ते धरून ठेवतं. हे आज होत आहे. पुढची पायरी, म्हणजे लक्ष्य निवडणंही यंत्रावर सोपवणं, तांत्रिकदृष्ट्या फार दूर नाही.

यावर ‘अंतिम बटण माणसाच्याच हाती राहील’ असं आश्वासन सगळेच देतात. मला त्याचा पूर्ण भरवसा वाटत नाही. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात पॅट्रियट यंत्रणेने ब्रिटनच्या एका टॉर्नेडो विमानाला शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं. त्यातले दोघेही मारले गेले. माणूस त्या साखळीत होताच. पण यंत्र ‘शत्रू’ म्हणतंय आणि हातात काही सेकंद आहेत, तेव्हा बहुतेक माणसं यंत्राचं ऐकतात. उलट उदाहरणही आहे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांच्या पडद्यावर अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रं सोडल्याचा इशारा आला. खरा हल्ला पाच क्षेपणास्त्रांनी कोण सुरू करेल, असा विचार करून त्यांनी वर ‘खोटा इशारा’ असं कळवलं. तो खोटाच होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. पेत्रोव्ह यांच्याकडे विचार करायला काही मिनिटं होती. निर्णयाचा वेळ सेकंदांवर आला की माणूस नावापुरताच उरतो. स्वायत्त शस्त्रांवर जिनिव्हात २०१४ पासून चर्चा चालू आहेत, बंधनकारक करार झालेला नाही.

निर्णयाचा आणखी एक वाटेकरी आहे, ज्याच्याकडे पूर्वी कुणी पाहत नव्हतं, तो म्हणजे खासगी कंपनी. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केलं त्याच पहाटे एका व्यावसायिक उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला. युक्रेनमधले मोडेम बंद पडले, आणि तिकडे जर्मनीत ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाचा संपर्कही तुटला. त्यानंतर युक्रेनी सैन्याचं दळणवळण मोठ्या प्रमाणावर ‘स्टारलिंक’ या उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या खासगी सेवेवर आलं. पण क्रिमियाजवळ ही सेवा सुरू करण्याची विनंती आपण मान्य केली नाही, असं कंपनीचे मालक इलॉन मस्क यांनी नंतर स्वतःच सांगितलं. त्यांचं कारण बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. लढाईचा पल्ला कुठवर जाईल हे एका उद्योजकाच्या होकारावर ठरावं, ही गोष्ट मात्र सैन्यांच्या इतिहासात नवी आहे.

मग सुरक्षित असणं म्हणजे काय?

संरक्षण खर्चाच्या बातम्यांत किती विमानं, किती पाणबुड्या एवढंच मोजलं जातं. ते मोजावंच, पण त्याने पुरेसं कळत नाही. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात १० लाख तोफगोळे देण्याचं वचन दिलं. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे दिले गेले होते. पैसे होते, इच्छा होती, पण शांततेच्या काळात कारखाने आणि स्फोटकांची रसायनं बनवण्याची क्षमता आटून गेली होती. गॅलियम आणि जर्मेनियम या चिप-रडारसाठी लागणाऱ्या धातूंच्या निर्यातीवर चीनने २०२३ मध्ये परवान्याची अट घातली, २०२५ मध्ये काही दुर्मीळ खनिजांवरही. ड्रोन कितीही स्वस्त असो, त्याच्या मोटरमधलं चुंबक कुठून येतं हे आता संरक्षण खात्याला पाहावं लागतं.

म्हणून भिंत किती उंच यापेक्षा, भिंत पडल्यावर किती वेळात उभे राहता, हा निकष मला जास्त खरा वाटतो. वर आलेल्या उदाहरणांत वाचवणारे कोण होते ते पाहा: हाताने खटका चढवणारे वीज कर्मचारी, योगायोगाने बंद राहिलेला संगणक, जुन्या पद्धतीचं रेडिओ केंद्र. जिथे दुसरी सोय होती तिथे काम भागलं. दुसरी सोय ठेवणं खर्चिक असतं, आणि ती लागेपर्यंत हिशेबनिसाला वायफळ वाटते, म्हणून सगळीकडे तिलाच आधी कात्री लागते.

काही छोट्या देशांनी हे ठरवून केलंय. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ लाख आहे आणि तिथल्या बंकरांमध्ये ४८ लाख लोकांची सोय होते. शांततेत याच जागा खेळाची मैदानं, पोहण्याचे तलाव, पार्किंग म्हणून वापरतात, म्हणजे देखभालही होत राहते. धान्य, इंधन, औषधांचा साठा ठेवायला स्वतंत्र सरकारी संस्था आहे, आणि त्यात खासगी कंपन्याही सामील असतात. एस्टोनियाने आपल्या महत्त्वाच्या सरकारी नोंदींची प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवली आहे, आणि त्या जागेला दूतावासासारखं संरक्षण करारानेच मिळालं आहे. राजधानी हातची गेली तरी जमिनीची मालकी, नागरिकत्व, निवृत्तिवेतनाच्या नोंदी शाबूत राहाव्यात म्हणून. युक्रेननेही आक्रमणाच्या अगदी तोंडावर कायदा बदलून सरकारी डेटा देशाबाहेर ठेवायला परवानगी दिली होती.

खोट्या माहितीचा मुकाबलाही बराचसा आधीच्या तयारीवर अवलंबून असतो. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की शरणागती पत्करायला सांगताहेत अशी बनावट चित्रफीत फिरली. ती कच्ची होती हे खरं, पण असं काही येणार आहे हे युक्रेन सरकारने आधीच लोकांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती काही तासांत निकामी झाली. पुढची इतकी कच्ची नसेल. त्या वेळी लोक सरकारच्या खुलाशावर विश्वास ठेवतील की नाही, हे त्या सरकारने आधी किती वेळा खरं सांगितलंय यावर ठरेल.

यात एक धोका आहे आणि तो बाहेरून येत नाही. वीज, बंदरं, चिप, बातम्या, विद्यापीठं, सगळंच ‘राष्ट्रीय सुरक्षा’ झालं, तर सरकारला कशावरही पाळत ठेवायला, कुठलाही प्रश्न दडपायला तयार कारण मिळतं. युद्धाची सीमारेषा पुसट झाली की आणीबाणीची सीमारेषाही पुसट होते. वीज केंद्राच्या संगणकाचं रक्षण आणि नागरिकाच्या फोनची टेहळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बऱ्याच ठिकाणी त्या एकाच विधेयकात, एकाच नावाखाली मांडल्या जातात.

दुसरीकडे, कायद्याच्या चौकटीत राहणाऱ्या देशाचे हात किती बांधलेले असतात, ते ‘ईगल एस’च्या बाबतीत दिसलं. फिनलंडच्या कमांडोंनी जहाज ताब्यात घेतलं, तपास झाला, कप्तान आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी हेलसिंकीच्या न्यायालयाने तो निकाली काढला. केबल फिनलंडच्या सागरी हद्दीबाहेर तुटल्या होत्या, आणि अशा घटनेत खटला चालवण्याचा हक्क जहाज ज्या देशात नोंदलं आहे त्याचा किंवा त्या खलाशांच्या देशांचा, असं न्यायालयाने म्हटलं. जहाज नोंदलं होतं पॅसिफिक महासागरातल्या कुक बेटांवर.